झोपलेली खार आणि धावतं खोकड

गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा मी चार महिने घरातच होतो. दर रविवारी मामांचा फोन यायचा, "काय कुंभकर्ण, उठलात का?" मग मावसभावाचं कौतुक. त्याचीही नोकरी गेली होती, पण पठ्ठ्याने तीन शहरं पालथी घालून दुसरी मिळवली. कौतुक रास्तच आहे हो. पण परवा आर्क्टिकमधल्या दोन प्राण्यांबद्दल वाचलं आणि म्हटलं, आता मामांना उत्तर द्यावंच.

एक ध्रुवीय खोकड. (कोल्हा नव्हे, खोकड!) हा हिवाळाभर जागा असणारा प्राणी. तळपायांनासुद्धा केस. अस्वलाने टाकलेल्या सीलच्या उष्ट्यावरही गुजराण करतो. २०१८ साली स्वालबार्डहून निघालेली एक तरुण मादी बर्फावरून ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर चालत कॅनडात पोचली. मावसभाऊच!

दुसरी अलास्कातली बिळात राहणारी खार. वर्षातले सात-आठ महिने झोपून. खुद्द कुंभकर्ण सहाच महिने झोपायचा.

पण ही झोप म्हणजे आराम नव्हे. ब्रायन बार्न्स या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दाखवलं की झोपेत तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं, तरी रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती कुडकुडून कुडकुडून स्वतःला ३६-३७ अंशांपर्यंत तापवते. थंडीत आखडलेले मेंदूतल्या पेशींचे जोड या उबेत पुन्हा वाढतात. दिवसभरही ऊब टिकत नाही, की पुन्हा गार. हिवाळ्यासाठी साठवलेल्या शक्तीतला मोठा वाटा या अशा जागं होण्यातच खर्च होतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र नुसता बर्फ दिसतो.

मीही अधूनमधून रात्री उठून चार अर्ज लिहायचो आणि पुन्हा पांघरूण ओढायचो. ते फोनवर कसं सांगणार?

खोकड थोर आहेच. पण त्याच्या मापाने खारीला मोजणं मला पटत नाही. खोकड मांस खातं, त्याला धावून काहीतरी मिळू शकतं. खारीचं पोट मुख्यतः पाल्यावर आणि बियांवर. सगळं बर्फाखाली गेल्यावर तिने धावायचं तरी कशासाठी? (उन्हाळ्यात खोकड याच खारीला खातं म्हणे. तो विषय मावसभावाशी काढणार नाही.)

असो. मामा, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. रविवारी फोन जरूर करा, फक्त दहानंतर करा.