मुनीमजींच्या उतारवयाची तरतूद

बडनेऱ्याच्या जिनिंगमध्ये किंवा पेढीवर उमेदीची वर्षे वेचणाऱ्यास निवृत्तीनंतर काय मिळते, याचे उत्तर बहुधा कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये असते. २० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस ती सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. मालकाच्या १२ टक्के वर्गणीपैकी ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात. त्यासाठी वेतनाची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. किमान १० वर्षे सेवा झाल्यास ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. अखेरच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनास सेवावर्षांनी गुणून ७० ने भागावे: १५,००० वेतन व १४ वर्षे सेवा असल्यास दरमहा ३,००० रुपये. पेन्शनधारकामागे त्याच्या पत्नीस निम्मी रक्कम मिळते.

नोकरी सोडताना पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर मागील सेवा हिशेबातून जाते. म्हणून निरोप देतानाच मालकाने खाते वर्ग करण्याचा किंवा योजना प्रमाणपत्र घेण्याचा सल्ला द्यावा. २० पेक्षा कमी नोकर असलेल्या पेढीसही, बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या संमतीने, स्वेच्छेने सहभागी होता येते. जन्मभर दुसऱ्याची खातेवही सांभाळणाऱ्याचे स्वतःचे पान कोरे राहू नये, हाही व्यवहारधर्मच होय.