पैलतीराची जबाबदारी

रामनवमीला पोहरादेवीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्रासह कर्नाटक, तेलंगण, आंध्र येथून बंजारा बांधव वाशीम जिल्ह्यातील या काशीत येतात. ज्या रामप्रभूंचा जन्मोत्सव त्या दिवशी साजरा होतो, त्यांच्या कथेत केवटाचा प्रसंग आहे. प्रभूंचे चरण धुतल्याखेरीज केवट त्यांना नावेत घेत नाही. चरणधुळीने शिळेची स्त्री झाली, मग लाकडी नावेचे काय होईल, ही त्याची शंका! प्रसंग भक्तीचा खराच. पण त्यात एका नावाड्याचे कर्तव्यभानही आहे. प्रवासी कितीही थोर असो, नावेची काळजी आधी. हे भान आपल्या जलवाहतुकीत आज कितपत उरले आहे?

‘तीर्थ’ या शब्दाचा एक मूळ अर्थच नदी ओलांडण्याची जागा असा आहे. त्याच वाटेवर श्रद्धाळू आणि श्रमिक जीव गमावत आहेत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत मजुरीला निघालेल्या ६ महिला बुडाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने ६ जणांचा बळी घेतला. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोटीबरोबर सहाशेहून अधिक जीव गेले, त्यानंतर इतक्या वर्षांत आपण काय शिकलो?

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. धडा स्पष्ट आहे. दुरुस्ती कारखान्यात संपत नाही, आणि तिची चाचणी गजबजलेल्या जलमार्गावर होता कामा नये.

नौकेची खरी परीक्षा ती पाण्याबाहेर ओढल्यावरच होते. तळाचा पत्रा किती झिजला, फळ्यांचे सांधे सैल झाले का, सुकाणू व पंख्याचा दांडा ठीक आहे का, हे तेव्हाच दिसते. एकदा रंगाचा हात फिरला की गंजलेला पत्राही नवा भासतो. म्हणून तपासनीस दुरुस्ती चालू असतानाच तेथे हवा. काम आटोपल्यावर शिक्का मारण्यापुरता नव्हे. दुरुस्तीचा खर्च मालकाचा, नौका उभी राहिल्याने बुडणारे उत्पन्नही मालकाचे. घाई करण्याचा मोह त्यालाच होणार. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा अधिकारी शासनाने पाठीशी उभे राहून जपला पाहिजे.

कायद्याची उणीव नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रचलित नौकांची तपासणी व नोंदणी बंधनकारक केली असून यंत्राविना चालणाऱ्या नौकांचाही त्यात विचार आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. विदर्भातील घाटावरच्या डोंग्यापर्यंत कोणता तपासनीस पोहोचतो? जेथे पूल नाही, तेथे तो डोंगाच गरिबाचा रस्ता असतो.

हे आपल्याला परके नाही. छत्रपती शिवरायांनी आरमार उभारले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गलबतांसाठी लाकूड कोठून घ्यावे आणि रयतेची झाडे कशी राखावीत, इतका बारकावा त्यात आहे. स्वराज्याची ही शिस्त केवळ जयंतीच्या भाषणांपुरती उरू नये.

शासनाने प्रत्येक घाटावरील नौकांची नोंद करावी, क्षमतेचा आकडा नौकेवर ठळक रंगवावा आणि दुरुस्तीचा अहवाल प्रवाशाला पाहता येईल असा लावावा. यात्रा समित्यांनी व ग्रामपंचायतींनी जादा माणसे चढू देऊ नयेत, जीवरक्षक जाकिटाविना नाव सुटू देऊ नये. आपणही ‘एकच खेप’ म्हणून हट्ट धरू नये. केवटाने प्रत्यक्ष प्रभूंना थांबवले. आपल्याला चार घटका थांबणे जड का जावे?