जटपुऱ्याची सकाळ
चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. पण फोटोसाठी माझा जीव जटपुरा दरवाजावरच. बरेच जण रस्ता रिकामा होण्याची वाट पाहतात, म्हणजे गोंडराजांची कमान तेवढी ‘स्वच्छ’ यावी. मला ते मुळीच पटत नाही. कमानीखालून आजही शहर वाहतं: भाजीची हातगाडी, शाळकरी सायकली, तोंडाला दुपट्टा बांधलेल्या बाया. त्यांना वगळलं तर दरवाजाची उंचीसुद्धा कळत नाही. अडचण उजेडाची. जटपुरा उत्तरेकडचा, म्हणून हिवाळ्यात त्याचं बाहेरचं अंग दिवसभर सावलीत असतं. मे-जूनमध्ये मात्र सूर्य ईशान्येला उगवतो, तिरपं ऊन दगडावरून घसरत जातं आणि हत्तीला नमवणारा सिंह, ते गोंड राजचिन्ह, उठून दिसतं. हा उजेड फार वेळ टिकत नाही आणि नंतरचं चंद्रपूरचं ऊन तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पहाटेच जा, कॅमेरा आभाळाकडे कलवू नका, नाहीतर बुरूज मागे झुकतात. चार पावलं मागे सरका आणि कमानीतून कुणीतरी येऊ द्या.