नाहीसे नेमके काय झाले?

इंग्रजी कायद्याच्या भाषेत एखादी गोष्ट संपविण्यासाठी अनेक क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. कायदा ‘रिपील’ होतो, तह ‘ॲब्रोगेट’ होतो, विवाह ‘ॲनल’ होतो, नोकरी ‘टर्मिनेट’ होते, ऋण ‘एक्स्टिंग्विश’ होते. या सर्वांत मानाचे क्रियापद ‘ॲबॉलिश’ हे होय. ते वस्तूला लागत नाही, माणसालाही लागत नाही; खुर्ची कोणी ॲबॉलिश करीत नाही. माणसांनी उभी केलेली आणि माणसांनीच टिकविलेली प्रथा, पद किंवा हक्क हेच त्याचे कर्म. मराठीत त्यासाठी नष्ट करणे, नाहीसे करणे, निर्मूलन, उच्चाटन असे शब्द योजले गेले. रिपीलला निरसन मिळाले. शब्दांची वाण नाही. प्रश्न आहे तो या शब्दांनी खरोखर काय संपले, हा.

या क्रियापदाचा पूर्वेतिहास फारसा निर्मळ नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली वसाहतींतील गुलामगिरी ॲबॉलिश केली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या वाट्याला ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षांची सक्तीची मजुरी आली. कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्याबाहेरच ठेवण्यात आला होता. येथे १८४३ साली जो कायदा झाला त्याने गुलामगिरी ॲबॉलिश केलीच नाही. माणसावरील मालकी न्यायालये मानणार नाहीत, एवढेच म्हटले.

बारामती-इंदापूरच्या खेड्यांत हे क्रियापद अवतरले ते वतनांच्या निमित्ताने. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते १९२८ साली. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा कायदा झाला तो १९५८ साली. वेठ गेली, ही मोठीच गोष्ट होती. परंतु जमिनीचे काय झाले? ती प्रथम सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर वतनदाराला परत मिळाली, तीही नव्या शर्तीने. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता न येणारी. कायदा ‘नाहीशी’ म्हणतो, गाव मात्र ‘वतन खालसा झाले’ असे म्हणते. शब्दकोश काहीही म्हणोत, गावाचा शब्द अधिक नेमका आहे.

याहून कठीण प्रकरण उसाच्या फडात आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या दोन तालुक्यांत खेळते आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांची धुराडी पेटतात ती बीड आणि अहिल्यानगरकडून येणाऱ्या टोळ्यांच्या कोयत्यावर. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर राबून ती फिटली नाही तर ‘अंगावर राहते’ आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत नाव लागते.

वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने ॲबॉलिश झाली. त्याचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मधला, म्हणजे समाजवादी कार्यकर्ते आणीबाणीच्या तुरुंगात असतानाचा. पण कायदा चांगला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्यात दोन क्रियापदे आहेत, आणि ग्यानबाची मेख तेथेच आहे. पद्धत ‘ॲबॉलिश’ झाली, पण त्याबरोबर वेठीचे कर्जही ‘एक्स्टिंग्विश’ झाले. पहिले क्रियापद घोषणा करते, दुसरे वहीतील आकडा खोडते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, हे खरे. परंतु उचल अंगावर आहे म्हणून मजुराला दुसरीकडे कामास जाता येत नसेल, किंवा किमान वेतनाहून कमी दराने राबावे लागत असेल, तर प्रकरण या कायद्याच्या कक्षेत येते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. शिवाय कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने धनकोवर टाकला आहे, मजुरावर नाही. एवढे हत्यार हाती असता ते वापरले जात नाही, हा दोष केवळ सरकारचा मानता येणार नाही.

कंत्राटी कामगारांची कथा उलट्या दिशेने गेली. १९७० च्या कायद्याच्या नावातच ‘ॲबॉलिशन’ होते, पण कलमे वाचली तर सरकारला विवक्षित कामांत कंत्राटी पद्धतीस मनाई करण्याचा अधिकार, एवढेच हाती लागे. मनाई झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. म्हणजे पद्धत बंद, आणि माणूस घरी! २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि ‘ॲबॉलिशन’ नाव धारण करणारा तो कायदाच ‘रिपील’ झाला. नव्या संहितेच्या नावात तो शब्द नाही. मूळ कायद्यातील २० कामगारांचा उंबरठा आता ५० वर गेला आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते खरे, पण जे काम एरवी कंत्राटदाराकडूनच करून घेतले जाते त्याला सूटही देते. जुन्या अन्यायाला वहिवाटीचे प्रमाणपत्र याहून सोप्या रीतीने देता आले नसते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कंत्राटी कामगार ॲबॉलिशही बोलत नाही आणि टर्मिनेटही बोलत नाही. ‘कमी केले’ किंवा ‘ब्रेक दिला’, एवढेच तो सांगतो.

वेठबिगार कायद्यानुसार प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी लागते. बारामती आणि इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी प्रांत कचेरीकडे त्या समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागावीत. फडावर जाऊन उचलीची रक्कम, तोडलेली टने आणि मिळालेली मजुरी यांची नोंद कोयत्यागणिक करावी. मजुराकडे हिशेबाची प्रत नसेल तर तेही लिहून घ्यावे. हे अर्ज गाळप चालू असतानाच दाखल झाले पाहिजेत. कारखान्याचा पट्टा पडला आणि ट्रक गावाकडे निघाले की साक्षीदार दिवाळीपर्यंत सापडत नाही, आणि तोवर पुढची उचल घेतलेली असते.