जहाज भरकटतं तेव्हा अधिकारी किती झोपलेला असतो? मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावं?

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्रकिनारा नसलेले तालुके. तरीही कर्जतमध्ये अँग्लो-ईस्टर्न मेरिटाइम अकादमी आहे आणि तिथून शिकून बाहेर पडणारे कॅडेट जगभरच्या समुद्रात जातात. घरात कुणी मर्चंट नेव्हीचं नाव काढलं की आधी पगाराची चर्चा होते. मग वादळाची आणि समुद्री चाच्यांची भीती. झोपेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात अनेक अपघातांची सुरुवात तिथूनच होते.

३८ तासांत अडीच तास झोप

३ एप्रिल २०१० रोजी ‘शेन नेंग १’ हे कोळसा घेऊन निघालेलं चिनी जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. ठरलेल्या ठिकाणी दिशा बदलायची राहून गेली होती. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवलं जातं त्या कक्षात, चीफ मेट ड्युटीवर होता. आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता, असं ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेला आढळलं. बंदरात माल भरून घेण्याची जबाबदारी त्याच्यावरच होती. ते काम संपवून पुरेशी झोप न घेताच तो ब्रिजवर उभा राहिला.

खालापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रात्रभर गाडी हाकून पहाटे बोरघाटात पोहोचलेल्या ट्रकचालकाला डुलकी लागली तर काय होतं, हे एक्स्प्रेस वेने अनेकदा दाखवलंय. फरक एवढाच, की ट्रक बाजूला घेऊन तासभर पडता येतं. जहाज असं थांबवता येत नाही.

नियम काय सांगतो?

‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन’ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये लागू झाला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. रोजची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत घेता येते आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा.

आता हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की उरतात ९१. म्हणजे सातही दिवस रोज १३ तास काम केलं, तरी ते विश्रांतीच्या या नियमात बसू शकतं. किनाऱ्यावरच्या कुठल्या नोकरीत हे चालेल?

त्यात हे तास खरे लिहिले जातातच असं नाही. स्वीडनमधल्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांतीच्या नोंदी नियमात बसाव्यात म्हणून त्या फिरवण्याची सवय जहाजांवर रुजली आहे, असं त्यात दिसलं. माणसं कमी आणि कामं तेवढीच, मग कागदच बदलतो.

ब्रिजवर यासाठी एक अलार्मही असतो. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने ठरावीक मिनिटांत हालचाल केली नाही किंवा बटण दाबलं नाही, तर आधी दिवा लागतो, मग अलार्म वाजतो आणि शेवटी इतर अधिकाऱ्यांपर्यंत इशारा जातो. पण हे यंत्र झोपलेल्याला उठवतं. दमलेल्या डोक्याला नीट विचार करायला लावणं त्याच्या हातात नाही.

मोबाइलच्या रेंजसाठी किनाऱ्याजवळ

थकवा फक्त शरीराचा नसतो. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज मॉरिशसजवळ प्रवाळ खडकावर आदळलं आणि सुमारे १,००० टन इंधन समुद्रात सांडलं. जहाज भाड्याने घेतलेल्या जपानी कंपनीने नंतर सांगितलं, की किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जाण्याचा मूळ बेत बदलून आधी पाच आणि मग दोन मैलांवर आणला गेला. कारण? मोबाइलची रेंज मिळावी. पुरेसा बारकावा दाखवणारा नकाशाही वापरला नव्हता.

जहाजाचा कॅप्टन भारतीय होता. २०२१ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने त्याला २० महिन्यांची शिक्षा सुनावली. चूक त्याची होतीच. पण तो काळही आठवा. कोविडमुळे २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी माणूस कुठवर जातो, याचं हे उदाहरण आहे.

आता काय बदललंय?

या करारातल्या नव्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. जहाजावर शक्य तिथे इंटरनेट द्यावं आणि त्याचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं आता सांगितलंय. पिण्याचं पाणी मोफत आणि सुरक्षा साधनं अंगाला बसतील अशा मापाची देणंही त्यात आहे. ‘शक्य तिथे’ या शब्दांत मात्र बरीच पळवाट आहे.

डॉक्टरचंही तसंच. तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात जहाजावर १०० किंवा अधिक माणसं असतील, तरच डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस जण असतात. तिथे प्रथमोपचार शिकलेला अधिकारीच उपचार करतो आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला रेडिओ किंवा उपग्रहाद्वारे घेतो.

घरच्यांनी काय विचारावं?

पहिली गोष्ट, भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, ते तपासा. दुसरी, करार किती महिन्यांचा आहे आणि जहाजावर इंटरनेट आहे का, हे आधीच विचारा.

तिसरी गोष्ट थेट कॅडेटसाठी. विश्रांतीच्या तासांच्या नोंदीवर तुमची सही लागते आणि तिची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नोंद खोटी असेल, तर जहाजावर किंवा बंदरातल्या तपासणी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याबद्दल त्रास देण्यास करारात मनाई आहे. नव्या मुलाला वरिष्ठासमोर हे बोलणं सोपं नाही, हेही खरंच. पण अपघात झाला, तर चौकशीत तीच सही पुढे येते.