‘सिरियलच ना?’

धुळ्याला आमच्या माहेरच्या शेजारी राहणाऱ्या मुलीची गेल्या महिन्यात एका मराठी मालिकेसाठी निवड झाली. मायलेकी पेढे घेऊन गल्लीभर फिरल्या. एका घरी पेढा तोंडात टाकता टाकता कुणीतरी म्हणालं, ‘सिरियलच ना? पिक्चर मिळाला की सांग.’ पोरगी हसली, पण तिचा चेहरा उतरलेला तिच्या आईने पाहिला आणि रात्री मला फोन केला. ते दोन शब्द मलाही लागले.

फोनवर मी पोरीला आपल्याच गावच्या मृणाल ठाकूरची गोष्ट सांगितली. मृणालचा जन्म १९९२ चा, धुळ्याचा. वडिलांची नोकरी बँकेतली. शाळेची काही वर्षं जळगावात गेली, पुढची मुंबईकडे. के. सी. कॉलेजात मास मीडिया शिकत असतानाच २०१२ मध्ये स्टार प्लसवरची ‘मुझसे कुछ कहती... ये खामोशियाँ’ मिळाली आणि शिक्षण अर्धवट राहिलं. बँकेतल्या माणसाच्या घरात मुलीने कॉलेज सोडणं म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. त्या मालिकेतली तिची गौरी भोसले आज फारशी कुणाला आठवत नाही. आठवते ती त्यानंतरची बुलबुल.

झी टीव्हीवर २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘कुमकुम भाग्य’ सुरू झाली. नायिका प्रज्ञा, म्हणजे सृती झा. मृणाल तिची धाकटी बहीण बुलबुल. रात्री नऊ वाजले की आमची आई भाजीचं ताट घेऊन टीव्हीपुढे बसायची. शेंगा सोलणं चालू असायचं, पण बुलबुल पडद्यावर आली की हात थांबायचे. ‘आपल्या धुळ्याची आहे ती,’ हे वाक्य आईने घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं असेल. त्याच वर्षी मृणालचे ‘विटी दांडू’, ‘हॅलो नंदन’, ‘सुराज्य’ हे मराठी चित्रपटही आले. आईला त्यांचा पत्ता नव्हता. तिच्यासाठी मृणाल म्हणजे बुलबुल, आणि ते नातं रोजच्या भेटीतून जुळलं होतं.

या रोजच्या भेटीमागे किती कष्ट असतात, ते मी एकदा जवळून पाहिलं. एका मालिकेच्या सेटवर दिवसभर बसले होते. सकाळी मेकअप चालू असताना त्या दिवसाच्या प्रसंगांचे कागद हातात आले. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी एकीकडे केस विंचरून घेत होती आणि ओठांतल्या ओठांत वाक्यं घोळवत होती. समोर सहायक दिग्दर्शिका मोबाईलवरचा फोटो धरून तिच्या बांगड्या मोजत होती. आदल्या आठवड्यात याच प्रसंगाचा अर्धा भाग चित्रित झाला होता. तेव्हा डाव्या हातात चार बांगड्या होत्या, आजही चारच हव्यात. मग शॉट लागला. वडिलांचं खोटं पकडलं गेलंय हे मुलीला कळतं, एवढाच तो क्षण. तिला एकही वाक्य नव्हतं. कॅमेरा आधी समोरून, मग डावीकडून, मग अगदी जवळ. तिन्ही वेळा तोच धक्का, त्याच मापाचा, डोळ्यांत पाणी त्याच क्षणी. तिसऱ्यांदा ‘कट’ झाल्यावर तिने डोळे पुसले आणि पुढचा कागद उचलला. दिवसाचे बारा तास, महिन्याचे पंचवीस दिवस हे असंच. मी याला रियाजच म्हणेन. गवयाच्या घरात पहाटेच्या रियाजाला आपण मान देतो, आणि इथे मात्र ‘सिरियलच ना?’

मृणालने हे जवळजवळ दोन वर्षं केलं आणि २०१६ च्या सुरुवातीला बुलबुल सोडली. दुसऱ्या अभिनेत्रीने ती भूमिका घेतली, मालिका पुढे गेली. चालती मालिका सोडणं म्हणजे दरमहाची मिळकत सोडणं, शिवाय प्रेक्षक किती दिवस लक्षात ठेवील याचा भरवसा नाही. हिंदी सिनेमाच्या पडद्यावर यायला तिला सप्टेंबर २०१८ उजाडला. तबरेज नूरानींच्या ‘लव्ह सोनिया’त ती गावातली गरीब मुलगी झाली, विकल्या गेलेल्या बहिणीच्या शोधात स्वतःही त्याच नरकात अडकणारी. बुलबुलच्या मेकअपचा मागमूसही त्या चेहऱ्यावर नाही. मग २०१९ मध्ये जुलैत ‘सुपर ३०’ आणि ऑगस्टमध्ये ‘बाटला हाऊस’. या दोन्हींत तिच्या वाट्याला थोडंच आलं, असं मला वाटतं.

तिचं खरं मोठेपण मला दिसलं ते २०२२ च्या तेलुगू ‘सीता रामम्’मध्ये. ती भाषा तिची नव्हती आणि मूळ चित्रपटातला आवाजही तिचा नाही, तो चिन्मयी श्रीपादाचा. तिच्या हाती राहिला फक्त चेहरा. लेफ्टनंट रामपासून आपण कोण हे लपवणारी राजकन्या तिला त्या चेहऱ्यावरच उभी करायची होती. प्रेम आणि लपवाछपवी, दोन्ही एकाच नजरेत. शब्द नसताना भाव धरून ठेवणं, कॅमेरा हलेपर्यंत तो सांडू न देणं, हे ती कुठे शिकली? माझं उत्तर पक्कं आहे: रोज रात्री नऊच्या त्या मालिकेत. अभिनयाच्या शाळेचा पत्ता नसताना जो शॉट तिने शेकडो वेळा दिला, तोच इथे कामी आला.

टीव्हीला कमी लेखणाऱ्यांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता महाराष्ट्राला आधी दिसली ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना. तिथूनच ती सिनेमात गेली.

शेजारच्या पोरीला मी हे सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, ‘मावशी, रोज नवे कागद आले की पाठांतर कसं करायचं?’ त्या घरी काय बोललं गेलं ते ती विसरलीही होती. तिचं लक्ष कामात होतं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला तिच्या मालिकेचा पहिला भाग आहे. भूमिका धाकट्या बहिणीचीच. तुमच्याही गल्लीतली, नात्यातली अशी एखादी मुलगी पेढे घेऊन आली, तर पेढा घ्या, मालिकेची वेळ विचारा आणि त्या वेळेला टीव्ही लावा.