बाटलीची मागची बाजू

गेल्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला. त्याच्या बॅगेतून बदाम निघाले, चॉकलेटं निघाली आणि खास माझ्यासाठी आणलेली मल्टिव्हिटॅमिनच्या गमीजची भलीमोठी बाटली निघाली. "आत्या, तुझ्या पोटाला गोळ्या सोसत नाहीत ना, म्हणून चघळायच्या आणल्या. बिनसाखरेच्या बघून घेतल्यात." इतक्या लांबून कुणी इतकी आठवण ठेवून आणतं, म्हटल्यावर मी त्याच रात्री दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली. दिवा मागे पडलं आणि मुरडा आला. ठाणं येईपर्यंत दाराजवळची दांडी घट्ट धरून उभी होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का वाटत?" मला उत्तर देता आलं नाही. ठाण्याला उतरले आणि धावतच गेले. त्या दिवशी कामावर पोचलेच नाही.

एकोणीस वर्षं मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम. ज्यांना तो आहे त्यांना वरचा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. कुठल्या स्टेशनावर स्वच्छतागृह कुठल्या टोकाला आहे, लग्नाच्या हॉलमध्ये बसायचं कुठे, सहलीच्या आदल्या रात्री काय जेवायचं नाही, हा आमचा रोजचा हिशोब असतो. घरी येऊन मी चष्मा लावला आणि बाटलीची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. माल्टिटॉल. चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन.

माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल ही सगळी एका घराण्यातली गोडी. लहान आतड्यात ती पुरती शोषली जात नाही, सोबत पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जंतू ती आंबवून वायू करतात. इन्युलिन कांद्या-लसणातल्या तंतूच्याच जातीचं. तेही तसंच आंबतं. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पण आमच्या आतड्याच्या नसा हळव्या. तेवढ्याच वायूने दुसऱ्याला नुसतं डब्ब वाटेल, तिथे आम्हाला कळा येतात. त्या गमीजमधल्या जीवनसत्त्वांनी मला काहीच केलं नव्हतं. केलं ते त्यांच्या भोवतीच्या गोडीने.

तेव्हापासून पोटाचा त्रास असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते की, जीवनसत्त्वाची गोळी हेही खाणंच आहे. भाकरी, उसळ, दूध पोटाला मानवतं का, हे आपण जसं पारखून घेतो, तसंच गोळीलाही पारखायचं.

त्याही आधी, गोळी हवी आहे का, हे बघायला हवं. आयबीएसमध्ये आतड्याच्या अस्तराला जखम होत नाही. अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम बहुतेक ठीक चाललेलं असतं. कमतरता येते ती आपण सोडून दिलेल्या पदार्थांमुळे. आधी दूध बंद होतं, मग डाळी-उसळी, मग पालेभाज्या, आणि दोन-तीन वर्षांत ताटात भात आणि बटाटा उरतो. मी स्वतः त्या वाटेने गेले आहे. शाकाहारी घरांत बी-१२चा प्रश्न त्याही आधीपासून असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातून आपल्याकडे आईच्या रक्तातच बी-१२ किती कमी असतं हे जगासमोर आलं. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरी बी-१२ उतरतं. म्हणून आधी रक्त तपासून घ्या, मग गोळी. अंदाजाने नको.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची असते. ती कुणी रोज घेतं, कुणी वर्षभर चालू ठेवतं. ड शरीरात साठतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्याने बद्धकोष्ठ होऊ शकतं, म्हणजे मूळ दुखणंच वाढतं. 'ड घेतलं की आयबीएस बरा होतो' असंही ऐकू येतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला हे नीट तपासून पाहिलं गेलं. रक्तातलं ड वाढलं, पोटाच्या तक्रारी होत्या तिथेच राहिल्या. हाडांसाठी घ्यायचं तर जरूर घ्या.

मॅग्नेशियमची गंमत वेगळी. ऑक्साइड किंवा सायट्रेट असेल तर ते आतड्यात पाणी ओढतं. ज्यांना खडा होतो त्यांना त्याचा उपयोगच होतो, पण माझ्यासारख्या जुलाबवालीने ते झोपेसाठी म्हणून घेतलं तर रात्र न्हाणीघरात जाते. लोहाने बहुधा उलट होतं. माझ्या जावेला आठ-आठ दिवस कोठा साफ होत नाही. तिला डॉक्टरांनी लोहाची गोळी रोजच्याऐवजी एक दिवसाआड घ्यायला सांगितली. शरीर तसंही ते जास्त चांगलं शोषतं. शौचाचा रंग काळपट होईल, त्याने घाबरू नये, हेही तिला आधीच सांगून ठेवलं. क जीवनसत्त्व रोज हजार-दोन हजार मिलिग्रॅम घेणाऱ्यांनी जुलाबाचं कारण दुसरीकडे शोधू नये.

आता इसबगोल. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या दुकानदारीत मनापासून शिफारस करावी अशी ही एकच वस्तू मला सापडली, आणि ती आपल्याच शेजारी गुजरातेत ऊंझ्याच्या बाजारात पोत्यांनी विकली जाते. २००९ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी आयबीएसच्या २७५ रुग्णांचे तीन गट केले. एकाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना आराम पडला. कोंड्याच्या गटातल्या कितीतरी जणांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून दिलं. 'फायबर वाढवा' हा सल्ला ऐकून मी दोन वर्षं कोंड्याच्या पोळ्या खाल्ल्या होत्या. ती दोन वर्षं आठवली की अजून वाईट वाटतं. इसबगोल पाण्यात फुगून मऊ लगदा होतो, त्यामुळे तो खडा मऊ करतो आणि पातळ शौचाला बांधतोही. सुरुवात एका चहाच्या चमच्याने करावी, मोठा पेलाभर पाण्यात, ढवळल्या ढवळल्या प्यावा. कोरडा तोंडात टाकू नये, घशात अडकतो. बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवावा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम आणि लोहही तिच्यापासून चार तास दूर ठेवायचं असतं.

प्रोबायोटिकबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. २०२१ साली ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, हवं तर बारा आठवडे घेऊन बघा, फरक नाही पडला तर सोडा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून ते न घेण्याकडेच कल दाखवला. मी बारा आठवडे घेतलं, वहीत रोज नोंद ठेवली, काही फरक दिसला नाही, सोडलं. एखादीला दिसेलही. मात्र जंतूचं पूर्ण नाव पाकिटावर बघा, कारण एकाचा गुण दुसऱ्यात नसतो. आणि 'प्रीबायोटिकसह' लिहिलं असेल तर ती पुन्हा तीच इन्युलिनची भावंडं.

जेवणानंतरच्या पाचक सिरपात बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असतं. ते पिष्ट आणि प्रथिनं पचवायला मदत करतं. आयबीएसची अडचण तिथे नसतेच. दूध बाधत असेल तर लॅक्टेजची गोळी मात्र खरंच काम करते. आणि 'पोट साफ' करणारं चूर्ण असेल तर त्यात सोनामुखी आहे का बघा, असेल तर ते रोजचं करू नका. आमच्या घरात सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट तर बाटलीतली नाहीच: लसूण तेलात परतून काढून टाकते आणि त्या तेलात फोडणी करते. लसणातला बाधणारा तंतू पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. वास राहतो, कळ जाते. वरणाची चव मला अशी परत मिळाली.

पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असतो. तो अन्न विकायचा परवाना आहे. त्याच पाकिटावर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं असतं, ते वाचत जा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. मी चार आठवडे देते. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, किंवा हा सगळा त्रास पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वर्षभर पाचक गोळ्यांवर काढलं. निघालं वेगळंच, आणि उशिरा निघालं.

गेल्या महिन्यात माझंही बी-१२ कमी आलं. डॉक्टरांनी तोंडात विरघळणारी गोळी दिली. दुकानातच पट्टी उलटी केली तर मागे मॅनिटॉल. मी परतच देणार होते, पण आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, त्या बिनसाखरेच्या गमीजमध्ये ग्रॅमने होतं. इथे अख्खी गोळीच पाव ग्रॅमची आहे, त्यात किती मावणार? घेऊन बघा, वहीत लिहा." मंगळवारी पहिली घेतली. आज पाचवा दिवस आहे. वहीत पाचही रकाने कोरे आहेत, आणि उद्या सकाळची लोकल मी नेहमीच्याच वेळेची धरणार आहे.